गावातल्या सिस्टरच्या हातात काय असतं? नर्स, मिडवाइफ आणि सार्वजनिक आरोग्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांच्या आरोग्यसेवेबद्दल आहे. म्हणजे उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय. प्रश्न विचारणाऱ्यांत गरोदर बाया आहेत, त्यांच्या सासवा आहेत, ग्रामपंचायतीचे सदस्य आहेत, नर्सिंगला जाऊ पाहणारी मुलं-मुली आहेत आणि नुकत्याच कामाला लागलेल्या नर्सही आहेत. उत्तरांत औषधांच्या मात्रा आल्या आहेत, त्या प्रशिक्षित हातांसाठी आहेत. घरी वापरून बघायच्या नाहीत.

गावात आम्ही सगळ्यांनाच ‘सिस्टर’ म्हणतो. आशा, आरोग्य सेविका, सीएचओ, स्टाफ नर्स यांत फरक काय?

आशाताई गावातलीच असते. तिला ठरावीक पगार नाही, कामागणिक मोबदला आणि मानधन मिळतं. ती नर्स नाही आणि इंजेक्शन देत नाही. गरोदर बाई गावात आहे हे सगळ्यात आधी कळतं ते मात्र तिलाच.

आरोग्य सेविका म्हणजे एएनएम. तिचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम झालेला असतो आणि परिचर्या परिषदेत तिची नोंदणी असते. ती उपकेंद्रावर बसते. सपाटीवर साधारण ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिच्या कामावर देखरेख करणारी, प्राथमिक आरोग्य केंद्रातली अनुभवी बाई म्हणजे आरोग्य सहायिका. जुने लोक तिला अजून एलएचव्ही म्हणतात. २०१८ नंतर उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, आले. बीएएमएस झालेले किंवा नर्सिंगची पदवी-पदविका असलेले उमेदवार सहा महिन्यांचा खास अभ्यासक्रम करून तिथे लागतात. बीपी, शुगर, नेहमीचे आजार हे मुख्यतः त्यांच्याकडे असतं.

ग्रामीण रुग्णालयात आणि त्याच्या वर तीन पाळ्यांत काम करते ती अधिपरिचारिका, आपली स्टाफ नर्स. वॉर्डाची इनचार्ज म्हणजे परिसेविका, आणि सगळ्या रुग्णालयाच्या नर्सिंगची जबाबदारी जिच्यावर, ती अधिसेविका, म्हणजे मेट्रन.

लसीकरण म्हणजे सुई टोचणं. त्यासाठी शिकलेली नर्सच कशाला हवी?

टोचणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. लस खराब होते ती बहुतेक वेळा टोचण्याच्या आधी, आणि खराब झालेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच असते.

सकाळी लस नेताना व्हॅक्सिन कॅरियरमध्ये चार आइस पॅक लागतात. डीप फ्रीझरमधून काढलेले पॅक लगेच आत घातले तर पेंटाव्हॅलंट (पाच रोगांवरची एकत्र लस, थोडक्यात पेंटा), हिपॅटायटिस बी, टीडी (धनुर्वात-घटसर्पाची) या लसी गोठतात. एकदा गोठलेली लस परत पातळ झाली तरी ती कामाची राहत नाही. म्हणून पॅक बाहेर टेबलावर मांडून ठेवायचे. वर घाम सुटतो, बर्फ कडेनं सुटू लागतो. पॅक कानाशी धरून हलवला आणि आत पाणी खळखळलं की तो तयार झाला. घाईच्या दिवशी नेमकी हीच पायरी गाळली जाते. लोकांना वाटतं लस उन्हानं बिघडते. ती गारठ्यानंही तितकीच बिघडते.

दुसरी जागा म्हणजे कुपीवरची खूण. प्रत्येक कुपीवर गोलात एक छोटा चौकोन असतो. आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असेल तर लस चालते, दोन्ही एकाच रंगाचे झाले की फेकायची. बीसीजी (क्षयाची) आणि एमआर (गोवर-रुबेलाची) लसीची भुकटी त्याच कंपनीच्या द्रावणात कालवायची. ते द्रावणही २ ते ८ अंशांतच ठेवलेलं हवं. कालवल्याची वेळ कुपीवर लिहायची आणि चार तासांनी उरलेली लस टाकून द्यायची. पुढच्या वाडीत दोन बाळं आहेत, म्हणून तीच कुपी संध्याकाळपर्यंत वापरणं म्हणजे बाळाच्या जिवाशी खेळ. त्या लसीत जंतुनाशक घटक नसतो. जंतू आत शिरले तर काही तासांत जुलाब, उलट्या, जोराचा ताप येऊन बाळ दगावू शकतं. पेंटा, टीडी, पोलिओ या उघडलेल्या कुपींना मात्र नियम पाळून चार आठवडे मुभा आहे. कुठल्या कुपीला मुभा आहे आणि कुठल्या नाही, हे पाठ असणं हेच नर्सचं शिक्षण.

टोचून झाल्यावर अर्धा तास बसायला सांगतात, तो वेळ टाळू नका. त्या वेळात चार गोष्टी सांगितल्या जायला हव्यात: कोणती लस दिली, पुढची कधी, ताप किंवा सूज आली तर काय करायचं, आणि कार्ड जपून पुढच्या वेळी आणायचं. सिस्टर विसरली तर तुम्ही विचारा.

गरोदरपणी दर वेळी तेच तेच तपासतात. कशासाठी?

कारण धोका दोन तपासण्यांच्या मधल्या फरकात दिसतो. मागच्या महिन्यात बीपी ११०/७० होतं आणि आज १४०/९० आहे, तर बाईला काही होत नसलं तरी ही बातमी गंभीर आहे. लघवीत प्रथिनं आहेत का, हे पट्टीवर लगेच बघायचं. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोटाच्या वरच्या भागात दुखतं, असं बाई म्हणाली तर ‘पित्त असेल’ म्हणून परत पाठवायचं नाही.

बीपी चुकीचं येण्याची कारणं साधी असतात. बाई उन्हातून चालत आली आणि लगेच पट्टा बांधला, पट्टा बाहीवरून गुंडाळला, किंवा हात लोंबकळत ठेवला. पाच मिनिटं टेकून बसू द्यावं, हात हृदयाच्या पातळीवर ठेवावा, मगच मोजावं.

हिमोग्लोबिन ७ ग्रॅमच्या खाली असेल तर ते तीव्र रक्तक्षय धरतात. अशी बाई गोळ्यांवर सोडायची नाही, वर पाठवायची. बाकीच्यांना चौथ्या महिन्यापासून रोज एक लोहाची गोळी, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. ‘गोळी घेतली, तरी रक्त वाढलं नाही’ ही तक्रार आली की सिस्टरनं दोन गोष्टी विचारायच्या. चहाबरोबर घेता का? कॅल्शियमच्या गोळीबरोबरच घेता का? दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. लोह आणि कॅल्शियम यांत किमान दोन तासांचं अंतर हवं. शौचाला काळं होतं म्हणून घाबरून गोळ्या तुळईवर ठेवून देणाऱ्या बाया पुष्कळ आहेत. काळं होणं हे गोळीमुळेच, त्यात अपाय नाही, एवढं एक वाक्य वेळेवर सांगितलं तर पाकीट संपतं.

दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टर गरोदर बायांना तपासतात. जोखमीची बाई त्या दिवशी तिथे पोचेल याची तजवीज सिस्टर आणि आशाताई करतात.

साधं बाळंतपण नर्सच करते. डॉक्टर नसताना रक्त जास्त गेलं तर?

म्हणून तर नर्स तयार लागते. वार पडल्यावर गर्भाशय घट्ट आवळलं नाही की रक्त थांबत नाही, आणि धडधाकट बाई दोन तासांत हातची जाऊ शकते. हे टाळायचं काम बाळ जन्मल्याच्या पहिल्याच मिनिटात असतं. पोटावर हात ठेवून आत दुसरं बाळ नाही ना, याची खात्री करायची आणि ऑक्सिटोसिन १० युनिट स्नायूत द्यायचं. अँप्यूल ५ युनिटचं असेल तर दोन. बाळ रडत असेल तर नाळ लगेच कापायची नाही, एक ते तीन मिनिटं थांबायचं. मग गर्भाशय आवळलेलं असताना, वरून हातानं आधार देत, वार नेमस्त ओढून काढायची आणि ती पूर्ण आली का ते दोन्ही बाजूंनी पाहायचं. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात. बेंबीजवळ नारळासारखं कडक लागलं की ठीक. कणकेसारखं मऊ लागलं की चोळायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची आणि मदतीला हाक मारायची.

इथे काय बिघडतं? पहिलं, ऑक्सिटोसिन फ्रिजबाहेर पडून राहतं. ते २ ते ८ अंशांत ठेवायचं औषध आहे. विदर्भातल्या मे महिन्यात ट्रेमध्ये राहिलेलं अँप्यूल दिलं तर इंजेक्शन दिल्याची नोंद होते, पण गर्भाशय आवळत नाही. उपाय सोपा आहे. फ्रिजच्या दाराला लागून एक डबी, त्यात त्या दिवसापुरती अँप्यूल, आणि कळा पुढे सरकल्या की ती काढायची.

दुसरं, रक्ताचा अंदाज चुकतो. कपड्यात, चादरीत, बादलीत वाटलं गेलेलं रक्त डोळ्यांना निम्मंच दिसतं. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत मापाच्या खुणा असलेली पिशवी बाळंतिणीखाली लावली, आणि रक्तस्राव ओळखताच सगळे उपचार एकदम सुरू केले. त्यामुळे जिवावर बेतणारा रक्तस्राव आणि त्याच्याशी निगडित गंभीर परिणाम सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले. हे काम करणाऱ्या बहुतेक मिडवाइफ आणि नर्सच होत्या. नवं औषध कुठलंच नव्हतं. मोजमाप होतं आणि थांबून न राहण्याची मुभा होती.

झटके आले तर नर्सनं इंजेक्शन द्यायचं की डॉक्टरांची वाट बघायची?

द्यायचं. या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

गरोदरपणी किंवा बाळंतपणानंतर बीपी वाढून झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस एएनएमनं द्यायचा आणि मग पाठवायचं, अशी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनेत स्पष्ट परवानगी आहे. मात्रा अशी: ५० टक्के द्रावणाचं २ मिलिलिटरचं अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम. एका कुल्ल्यात ५ ग्रॅम, दुसऱ्यात ५ ग्रॅम, खोल स्नायूत. म्हणजे एकूण १० अँप्यूल.

तरीही बाई इंजेक्शनाविना गाडीत चढवली जाते, आणि वाटेत दुसरा झटका येतो. अज्ञान हे कारण क्वचितच असतं. दहा अँप्यूल एका जागी नसतात. चार ट्रेमध्ये, तीन कपाटात, किल्ली फार्मासिस्टकडे. दहा अँप्यूल फोडायची हे ऐकून नवी नर्स बिचकते, कारण एरवी ती एकच फोडते. आणि खरं कारण तिसरं आहे. ‘देऊन काही झालं तर माझ्यावर येईल, न देता पाठवलं तर कोणी विचारत नाही.’ जोवर ‘का दिलंस?’ हा प्रश्न विचारला जातो आणि ‘का दिलं नाहीस?’ हा विचारला जात नाही, तोवर शंभर प्रशिक्षणं घेऊनही ही सुई बाहेर येणार नाही.

यावर दोन इलाज आहेत. एक, डबा. प्लास्टिकच्या डब्यात दहा अँप्यूल, १० मिलिलिटरच्या दोन सिरिंज, २२ नंबरच्या सुया, स्पिरिटचा बोळा आणि मात्रा लिहिलेला पुठ्ठ्याचा कागद. डब्याला कुलूप लावायचं नाही. दर सोमवारी तारखा तपासून झाकणावर सही करायची. दोन, वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या सहीचा लेखी स्थायी आदेश प्रसूतिगृहाच्या भिंतीवर लावायचा: ‘झटके आल्यास पहिला डोस उपस्थित नर्सनं द्यावा.’ हा कागद असला की हात थरथरत नाही. पाठवणीच्या चिठ्ठीवर डोस दिल्याची वेळ आणि मात्रा ठळक लिहा. पुढच्या रुग्णालयात पुन्हा पूर्ण डोस दिला जाऊ नये म्हणून ते लागतं.

पार्टोग्राफ म्हणजे काय? तो नंतर भरला तर काय बिघडतं?

कळा देणाऱ्या बाईची प्रगती दाखवणारा एका पानाचा आलेख. गर्भाशयाचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलं की आपल्याकडच्या नमुन्यात नोंद सुरू करतात. बाळाचे ठोके, कळा आणि आईची नाडी दर अर्ध्या तासानं, बीपी दर चार तासांनी. रेषा तासाला एक सेंटिमीटरच्या वेगानं चढावी. ती ‘अॅलर्ट’ रेषेच्या उजवीकडे सरकली की गाडी बोलवायची, आणि चार तास पुढची ‘अॅक्शन’ रेषा येईतो बाई मोठ्या रुग्णालयात पोचलेली हवी.

बाळंतपण उरकल्यावर भरलेला पार्टोग्राफ लगेच ओळखू येतो. सगळ्या ठोक्यांच्या नोंदी १४०, एकाच शाईत, एकाच दाबानं. असा कागद कोणालाच उपयोगी पडत नाही. अडलेली बाई वेळेत पाठवायची की नाही, हे ठरवायला जो कागद आहे तो फाइलची भरती होतो. एका नर्सकडे तीन बाया कळा देत असतील तर तो नंतरच भरला जाणार, हेही तितकंच खरं. त्यासाठी तिला ओरडून उपयोग नाही, पुढे मनुष्यबळाचा हिशेब दिला आहे तो बघा.

बाळ रडलं नाही तर?

पहिल्या मिनिटात श्वास सुरू व्हायला हवा. कोरडं करायचं, नाळ कापून उबेत घ्यायचं, मान किंचित ताणून सरळ ठेवायची. घाण असेल तर आधी तोंड, मग नाक साफ. पाठ चोळूनही श्वास नाही तर पिशवी-मुखवट्यानं तोंडा-नाकावाटे हवा द्यायची, मिनिटाला ४० ते ६० वेळा. नर्स तोंडानं ताल धरतात, ‘स्क्वीज, टू, थ्री’. छाती वर येत नसेल तर पिशवी जोरानं दाबू नका. बहुतेक वेळा मुखवटा गालाकडून फटीत राहिलेला असतो किंवा मान वाकलेली असते. पायाला धरून उलटं लोंबकळवणं, गार पाणी मारणं हे सगळं आता बंद.

ही पिशवी प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तळहातावर दाबून तपासावी. गरज पडल्यावर शोधली तर झडप फाटलेली निघते.

मिडवाइफ म्हणजे नर्सच ना? मग हे नवं पद कशाला?

आपल्याकडे नर्सिंगच्या अभ्यासक्रमात बाळंतपण शिकवतात, पण नोकरीत बदली होत राहते. दोन वर्षं प्रसूतिगृह, मग सर्जरी, मग बाह्यरुग्ण. हात बसतो आणि हात सुटतो. मिडवाइफ बाळंतपणालाच वाहून घेतलेली असते. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारनं मिडवायफरी सेवांच्या मार्गदर्शक सूचना आणल्या. नोंदणीकृत नर्सना १८ महिन्यांचं प्रशिक्षण देऊन ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवायफरी’ तयार करायच्या, आणि जोखीम नसलेल्या बायांची बाळंतपणं त्यांच्या हाताखालच्या स्वतंत्र कक्षात व्हायची, अशी ती योजना. तेलंगणनं त्याआधीच, २०१७ मध्ये, अशा प्रशिक्षणाला सुरुवात केली होती.

फरक बाईला जाणवतो. कळा देताना चालू-फिरू देतात, पाणी पिऊ देतात, सोबतीला आई किंवा जाऊ असू देतात, टेबलावर आडवंच पडायची सक्ती नाही, गरज नसताना टाके नाहीत. शेजारचा श्रीलंका बघा. तिथे दशकानुदशकं गावोगावी पब्लिक हेल्थ मिडवाइफ घरोघर जाते, आणि मातामृत्यू कमी करण्यात तो देश आपल्या पुष्कळ पुढे गेला. २०२१ च्या जागतिक मिडवायफरी अहवालाचा अंदाज असा की जगात ९ लाख मिडवाइफ कमी आहेत, आणि त्या सगळीकडे पुरेशा असत्या तर २०३५ पर्यंत मातामृत्यूंतले ६७ टक्के टळू शकले असते.

मग गावच्या सुईणीचं काय?

तिचा मान ठेवा, बाळंतपण मात्र दवाखान्यातच. घरी रक्त थांबलं नाही तर तिच्या हातात ऑक्सिटोसिन नाही. मेळघाट, गडचिरोली, नंदुरबारच्या दुर्गम पाड्यांवरची बाई तारखेच्या आधी केंद्राजवळच्या माहेरघरात, म्हणजे गरोदर बायांच्या मुक्कामाच्या जागेत, येऊन राहू शकते. तिला तिथे यायला राजी करणारी बाई पुष्कळदा ही सुईणच असते.

महाराष्ट्रात मातामृत्यू कमीच आहेत. मग एवढी काळजी कशाला?

२०१८–२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ मातामृत्यू. आकडा चांगला आहे, आणि त्यात आरोग्य सेविकांचा वाटा मोठा आहे. उरलेले मृत्यू रक्तस्राव, बीपी, जंतुसंसर्ग यांसारख्या कारणांचे आहेत, जिथे अर्धा-पाऊण तासही मोलाचा असतो. तो वेळ ज्या व्यक्तीपाशी असतो ती नर्स. तिनं ठरवायचं की विचारायचं, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

नर्सचं ‘नेतृत्व’ म्हणजे नक्की काय? सगळ्या अधिकारी व्हायच्या का?

नेतृत्वाची पहिली पायरी वॉर्डात असते. परिसेविकेनं ‘आज या खाटेवर आणखी पेशंट घेता येणार नाही’ म्हटलं आणि ते ऐकलं गेलं, हे नेतृत्व. दुसरी पायरी खरेदीत. कुठल्या मापाचे ग्लोव्हज लागतात, कुठली सिरिंज गळते, हे वापरणारीला माहीत असतं. खरेदी समितीत तिची सही नसेल तर साडेसातच्या मापाचे खोके येऊन पडतात आणि साडेसहाच्या हातावर ते ढिले बसतात. तिसरी पायरी धोरणात. भरती किती, बदली कधी, प्रशिक्षण कशाचं.

जगातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांत सुमारे ७० टक्के बाया आहेत, पण वरच्या पदांवर त्या चौथाईच्या आसपास, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालात आहे. नर्सिंगमध्ये ही दरी आणखी डोळ्यांत भरते. मेट्रनकडे शंभर-दीडशे माणसांची जबाबदारी असते आणि बल्ब बदलायलाही दुसऱ्याची मंजुरी लागते. मे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य सभेनं स्वीकारलेल्या दिशानिर्देशांत शिक्षण, नोकऱ्या आणि सेवा यांच्या जोडीला नेतृत्व हा स्वतंत्र मुद्दा आहे, आणि सरकारात वरिष्ठ नर्सपद असावं असा आग्रह आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये संसदेनं राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. १९४७ च्या जुन्या कायद्याची जागा तो घेतो. आयोग आला म्हणून जिल्ह्याच्या बैठकीत खुर्ची आपोआप मिळत नाही. ती मागावी लागते.

बैठकीत बोलायची वेळ आली तर नर्सनं काय मांडावं?

तक्रार मांडू नका, हिशेब मांडा. नमुना घ्या. प्रसूतिगृहात चोवीस तास एक नर्स हवी. दिवसाला तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस. एक नर्स आठवड्याला सहा पाळ्या करते. म्हणजे साडेतीन जणी. रजा, आजारपण, प्रशिक्षण यांसाठी भारतीय परिचर्या परिषदेचा निकष ३० टक्के राखीव धरतो. साडेतीनला १.३ नं गुणलं की ४.५५. म्हणजे एक जागा चोवीस तास भरायला पाच माणसं लागतात. केंद्रावर तिघी असतील तर दर आठवड्याला कितीतरी पाळ्या एक तर रिकाम्या जातात किंवा कोणीतरी सलग सोळा तास उभी असते.

दुसरं, ‘पाठवलेल्या’ केसेसची यादी न्या. कधी निघाली, गाडी किती वेळानं आली, पहिला डोस दिला होता का, कुठे पोचली, पुढे काय झालं. तीन महिन्यांतल्या दहा केसेसची, नावं न घातलेली नोंद दीड तासाच्या भाषणापेक्षा भारी पडते. तिसरं, एकच मागणी मागा आणि तिची तारीख इतिवृत्तात लिहून घ्या.

सिस्टर कायम मोबाइल आणि रजिस्टरमध्ये असते. पेशंटकडे कधी बघणार?

तक्रार रास्त आहे. तीच बाई माता-बाल आरोग्याच्या (आरसीएच) रजिस्टरात, तीच पोर्टलवर, तीच मासिक अहवालात, लस असेल तर यू-विन या लसीकरणाच्या ऑनलाइन नोंदवहीत. एकाच माणसाची नोंद चार ठिकाणी. रेंज नसलेल्या वाडीत कागदावर लिहून रात्री घरी भरतात. नोंद हवीच, तिच्यावरून लस राहिलेली बाळं सापडतात. पण नोंदवण्याचं काम डेटा ऑपरेटरकडे देता येतं, पोट तपासण्याचं देता येत नाही.

मुलीला नर्सिंगला घालायचं आहे. कुठला कोर्स? आणि मुलाला चालेल का?

एएनएम दोन वर्षं, फक्त मुलींसाठी. जीएनएम, म्हणजे नर्सिंगची पदविका, तीन वर्षं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षं, त्याला बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. राज्याची सीईटीही द्यावी लागते. जीएनएम आणि बी.एस्सी. मुलांनाही खुले आहेत. वॉर्डात त्यांना ‘ब्रदर’ म्हणतात. वर चढायचं असेल, शिकवायचं असेल किंवा सीएचओ व्हायचं असेल तर बी.एस्सी. बरी.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला तीन प्रश्न विचारा. परिषदेची मान्यता या वर्षाची आहे का? प्रात्यक्षिक कुठल्या रुग्णालयात, तिथे खाटा किती? विद्यार्थिनीच्या हातून किती बाळंतपणं होतात? तिसऱ्या प्रश्नावर उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा. नुसत्या पुतळ्यावर शिकलेली मुलगी पहिल्या रात्रपाळीला रडते.

‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न अजूनही येतो. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यातल्या मुलींना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला धाडलं, तेव्हाही तो विचारला गेला होता.

ग्रामपंचायत यात काय करू शकते?

पुष्कळ. उपकेंद्राच्या जन आरोग्य समितीचं अध्यक्षपद सरपंचांकडे असतं, आणि समितीनं निर्णय घेऊन वापरायचा निधीही असतो. त्यातून आधी रंगरंगोटी करू नका. सिस्टर मुक्कामी राहायला हवी असेल तर क्वार्टरला आतून लागणारी कडी, चालू संडास आणि नळाला पाणी हवं. प्रसूतिगृहाला इन्व्हर्टर हवा, कारण कळा भारनियमनाची वेळ बघून येत नाहीत. १०२ आणि १०८ हे नंबर बाहेरच्या भिंतीवर हातभर अक्षरांत रंगवा. पावसाळ्यात कुठल्या वाडीची वाट तुटते, हे मे महिन्याच्या बैठकीत सिस्टरला विचारा, आणि त्या वाडीतल्या जून ते सप्टेंबरच्या तारखेच्या बायांची यादी तिच्याकडून घेऊन प्रत्येकीपुढे गाडीवाल्याचं नाव लिहा.